हाताने केलेले सर्व्हिसिंग आणि हरवलेला पिकअप

प्रश्न : माझ्याकडे चार सिलिंडरची, मॅन्युअल गिअरची पेट्रोल गाडी आहे. ती ८५,००० किलोमीटर चालली असून आजवर तिने कधी त्रास दिला नव्हता. मागच्या आठवड्यात मी प्रथमच घरी सर्व्हिसिंग केले. बॅटरीची वायर सोडवून ठेवली, इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला, नवा एअर फिल्टर बसवला, चारही स्पार्क प्लग बदलले आणि थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) कार्ब्युरेटर क्लीनरने स्वच्छ केली. त्याच स्प्रेचे दोन फवारे एअर फ्लो सेन्सरवरही मारले. तेव्हापासून गाडी एका झटक्यात सुरू होते, आयडलिंगही जवळजवळ ठीक आहे, पण चढावर किंवा ओव्हरटेक करताना ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी गाडी ओढत नाही, मधूनच गचके देते. चेक इंजिनचा दिवा लागलेला आहे. एका जाणकार मित्राच्या मते फ्युएल पंप गेला आहे. पंप बदलून घ्यावा का?

उत्तर : पंप तूर्त बदलू नये. पंप कोणत्याही दिवशी जाऊ शकतो हे खरे, परंतु सकाळपर्यंत व्यवस्थित चालणारी गाडी दुपारी बॉनेट बंद केल्यावर ओढेनाशी झाली असेल, तर ज्या भागांना आपला हात लागला तेच भाग आधी पाहायचे असतात; आणि आपल्या यादीत पेट्रोलच्या मार्गातील एकही भाग नाही. आपण पत्रात कामांची यादी दिलीत, त्यातही कोणता स्प्रे कुठे मारला हे प्रामाणिकपणे लिहिलेत, म्हणून उत्तर देणे सोपे झाले आहे.

एक गोष्ट मात्र लगेच पाहावी. चेक इंजिनचा दिवा स्थिर आहे की लुकलुकतो? स्थिर दिवा असताना गाडी जपून चालवता येते. लुकलुकणारा दिवा म्हणजे सिलिंडरमध्ये न जळलेले पेट्रोल एक्झॉस्टमध्ये जात आहे आणि तिथे पेटून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भाग, वितळवू शकते; तसे असेल तर गाडी उभीच ठेवावी. त्याचप्रमाणे पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज आणि आरपीएम झपाट्याने चढतात पण वेग वाढत नाही असे होत असेल, तर दोष इंजिनात नसून क्लच घसरतो आहे. आपण गचक्यांचा उल्लेख केला आहे, त्यामुळे क्लचचा विषय इथेच सोडू.

माझा पहिला संशय एअर फ्लो सेन्सरवर आहे. पेट्रोल नीट जळण्यासाठी १ ग्रॅम पेट्रोलमागे सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. याचा अर्थ १ लिटर पेट्रोल जळायला अंदाजे ९,००० लिटर हवा इंजिनाच्या पोटात जावी लागते, आणि ती नेमकी किती गेली हे मोजण्याचे काम केसासारख्या बारीक तारेवर किंवा नखाएवढ्या पट्टीवर सोपवलेले असते. ही तार विजेने तापवून येणाऱ्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवली जाते. हवा जितकी जास्त वाहते तितकी तार थंड होते आणि तिला गरम ठेवायला तितकाच जास्त प्रवाह द्यावा लागतो. त्या प्रवाहावरून इसीयू, म्हणजे गाडीचा संगणक, हवेचे वजन ओळखतो आणि पेट्रोलचे व ठिणगीच्या वेळेचे गणित मांडतो. कार्ब्युरेटर क्लीनर हा कडक द्रावक आहे. तो सेन्सरच्या प्लास्टिकला आणि लेपाला इजा करू शकतो, शिवाय त्याने सैल झालेला मळ तारेवरच वाळून बसला तर तारेला जणू पांघरूण मिळते. मग हवा भरपूर वाहत असूनही तार पुरेशी थंड होत नाही, सेन्सर कमी हवा सांगतो, इसीयू कमी पेट्रोल सोडतो आणि मिश्रण पातळ होते. आयडलिंगला आणि संथ चालवताना एक्झॉस्टमधील ऑक्सिजन सेन्सर ही चूक ओळखतो व इसीयू पेट्रोल वाढवून ती झाकतो. पाय पूर्ण दाबल्यावर मात्र इसीयू त्या दुरुस्तीची वाट पाहत नाही. तो सेन्सरच्या आकड्यावर विसंबतो, आणि नेमक्या जोराच्या क्षणी गाडी उपाशी राहते. आपण केलेल्या वर्णनाशी हे तंतोतंत जुळते.

याची घरगुती परीक्षा अशी. इंजिन बंद असताना सेन्सरचा कनेक्टर काढावा आणि रिकाम्या, सपाट रस्त्यावर गाडी चालवून पाहावी. सेन्सर नसला की इसीयू थ्रॉटलची उघडीप आणि आरपीएम यांवरून हवेचा अंदाज बांधतो. त्या अंदाजावर गाडी आधीपेक्षा चांगली ओढू लागली, तर सेन्सर खोटे बोलत होता हे सिद्ध झाले. फरक पडला नाही तर मात्र सेन्सर निर्दोष ठरत नाही, कारण कनेक्टर काढल्यावर काही गाड्या इंजिनाचा जोर मुद्दाम मर्यादित करतात. सेन्सर दोषी निघाल्यास त्यासाठीच बनवलेला एअर फ्लो सेन्सर क्लीनर आणावा, थोड्या अंतरावरून फवारावा, तारेला बोट, कापूस किंवा दाबाची हवा लावू नये आणि पूर्ण वाळल्याशिवाय कनेक्टर जोडू नये. त्यानेही भागले नाही तरच नवा सेन्सर.

मात्र आपल्यासारखे वर्णन वाचून आणखी एखादा वाचक हा सेन्सर शोधू लागेल आणि त्याला तो सापडणार नाही. अनेक लहान गाड्यांत हवेचे वजन थेट मोजत नाहीत. इनटेक मॅनिफोल्डमधील, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधील, दाब मोजून त्यावरून काढतात. अशा गाडीत जोडणी सैल राहून बाहेरची हवा शिरली तर तीही दाबात मोजली जाते, त्यामुळे मिश्रण फारसे पातळ न होता आयडलिंगच चढून बसते. फ्लो सेन्सर असलेल्या गाडीत उलट घडते : सेन्सर आणि इंजिन यांच्या दरम्यान शिरलेली हवा हिशेबाबाहेर राहते. म्हणून एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंतचा जाड रबरी होज हाताने वाकवून, घड्यांच्या आतल्या बाजूला चीर आहे का ते पाहावे, दोन्ही टोकांचे क्लॅम्प तपासावेत, आणि इंजिनाच्या व्हॉल्व्ह कव्हरकडून येणारी बारीक ब्रीदर नळी जागेवर आहे याची खात्री करावी. ही नळी फिल्टरचा डबा काढताना निसटते आणि डबा बसवल्यावर त्याच्याखाली झाकली जाते, त्यामुळे वरून सारे ठाकठीक दिसते. फिल्टरच्या कडेची रबरी पट्टी खाचेत सपाट बसली आहे ना, हेही पाहावे. एका परिचिताच्या गाडीत सगळे तपासून थकल्यावर होजमधून निघाले ते धूळ जाऊ नये म्हणून त्यानेच कोंबलेले फडके. आयडलिंगला त्याच्या कडेने पुरेशी हवा जात होती आणि रेस दिली की ते ओढले जाऊन थ्रॉटलचे तोंड बंद करत होते. तो गृहस्थ दुसऱ्या दिवशी नवा पंप आणायला निघाला होता.

दुसरा संशय प्लगवर. आयडलिंग ठीक आणि जोर देताना गचके, हे प्लगचेही लक्षण आहे, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर सिलिंडरमध्ये भरपूर हवा भरते, दाब वाढतो, आणि दाटलेल्या हवेतून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागते. प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीला सूक्ष्म तडा असेल, तर कमी दाबात ठिणगी योग्य जागी उडते. दाब वाढला की विजेला तड्यातून बाहेरूनच जाणे सोपे पडते. पाना तिरका धरून प्लग आवळला की हा तडा हमखास जातो. प्लग काढून पुसावा आणि उजेडात फिरवून पाहावा : पांढऱ्या भागावर पेन्सिलीने उभी ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर तो प्लग बाद, आणि त्यावर बसणाऱ्या आणि त्याला उच्च व्होल्टेज देणाऱ्या कॉइलच्या रबरी नळीतही तशीच रेघ आहे का ते तपासावे. प्लग हातातून पडला असेल तर त्याची फट मिटलेली असू शकते. बहुतेक गाड्यांत ही फट ०.७ ते १.१ मिलिमीटरच्या दरम्यान असते, पण आपल्या गाडीचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्यावा. इरिडियम प्लगचे बारीक टोक पान्याने वाकवायला जाऊ नये, ते तुटते.

प्लगचा नंबरही जुन्या प्लगशी ताडून पाहावा. त्यातील एक आकडा प्लग किती उष्णता बाहेर टाकतो ते सांगतो, आणि गंमत म्हणजे कंपन्यांच्या पद्धती परस्परविरुद्ध आहेत : एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग थंड, तर बॉशच्या प्लगवर आकडा मोठा म्हणजे प्लग गरम. दुकानातून ‘तोच नंबर, दुसरी कंपनी’ असा प्लग आणला असेल, तर तो चुकीचा असण्याची शक्यता मोठी आहे.

आता दिव्याविषयी. तो लागला आहे याचा अर्थ इसीयूने एक कोड नोंदवून ठेवला आहे, आणि तो वाचल्याशिवाय पुढचा एकही पाना उचलू नये. डॅशबोर्डखालच्या ओबीडी (गाडीतील दोष वाचण्याच्या) सॉकेटला लावायचा साधा स्कॅनर पुरतो. पी०१७१ आला तर मिश्रण पातळ आहे. पी०१०१ किंवा पी०१०२ आला तर फ्लो सेन्सरच्या आकड्यावर इसीयूचाच विश्वास उरलेला नाही. पी०३०० मिसफायरचा, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटण्याचा, आणि पी०३०१ ते पी०३०४ यांतील शेवटचा आकडा सिलिंडरचा क्रमांक. एकाच सिलिंडरचा कोड असेल तर त्याची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पाहावी. कोड तिच्यामागे गेला तर दोष कॉइलचा, जागेवरच राहिला तर प्लग पाहावा.

स्कॅनरवर कोडपेक्षाही उपयोगी एक आकडा असतो, त्याला फ्युएल ट्रिम म्हणतात. इसीयू आपल्या मूळ हिशेबात किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा घटवतो, हे त्यातून कळते. शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म असे दोन आकडे दिसतात. त्यांची बेरीज उणे १० ते अधिक १० टक्क्यांच्या आत असली तर चिंता नाही. इंजिन गरम झाल्यावर आधी आयडलिंगला, मग २,५०० आरपीएमवर स्थिर धरून आणि शेवटी सोबतीला बसलेल्या व्यक्तीकडून प्रत्यक्ष चढावर हा आकडा लिहून घ्यावा. आयडलिंगला अधिक २० आणि आरपीएम वाढवल्यावर तो शून्याकडे उतरत असेल, तर कुठूनतरी हवा शिरते आहे. कारण गळतीतून येणारी हवा साधारण तेवढीच राहते आणि एकूण हवा वाढली की तिचा वाटा घटतो. उलट आयडलिंगला आकडा ठीक आणि भार वाढेल तसा तोही चढत असेल, तर एक तर फ्लो सेन्सर कमी मोजतो आहे किंवा पेट्रोल कमी पडते आहे. सेन्सर स्वच्छ करूनही हेच चित्र राहिले, तर मग आपल्या मित्राच्या पंपाचा विचार करावा, आणि तोही दाबाचा गेज लावून, भाराखाली तपासून. साध्या इंजेक्शनच्या गाड्यांत हा दाब सहसा ३ ते ४ बार असतो. सिलिंडरमध्ये थेट पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत तो कितीतरी पटींनी जास्त असल्यामुळे तिथे हे काम घरी करू नये.

थ्रॉटल बॉडी आणि बॅटरी यांबाबत थोडक्यात. बॅटरी सोडवल्यामुळे इसीयू शिकलेले बरेचसे विसरला आहे आणि काजळी निघाल्यामुळे थ्रॉटलची बंद स्थितीही बदलली आहे. आयडलिंगमधील ‘जवळजवळ’ बहुधा याचेच आहे. मॅन्युअलमध्ये दिलेली आयडल लर्निंगची, म्हणजे इसीयूला आयडलिंग पुन्हा शिकवण्याची, कृती करावी. पूर्ण पाय दाबल्यावर जोर न मिळण्याचे कारण मात्र हे नव्हे, त्यामुळे ‘गाडी शिकेल हळूहळू’ म्हणून थांबू नये. ऑइलची पातळी सपाट जागी पाहावी. ती वरच्या खुणेच्या बरीच वर असेल तर क्रँकशाफ्ट ऑइल घुसळतो, फेस होतो आणि इंजिन जड चालते. मॅन्युअलपेक्षा बरेच घट्ट ऑइल घातले असेल तर तेही बदलावे, कारण व्हॉल्व्हची वेळ पुढे-मागे करणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते.

प्रश्न : डिझेल गाडीचा फ्युएल फिल्टर घरी बदलला. गाडी सुरू होते, पण वेग घेताना मध्येच दम सोडते. काय पाहावे?

उत्तर : मार्गात हवा राहिली आहे किंवा अजूनही शिरते आहे. हातपंप असल्यास तो कडक लागेपर्यंत दाबावा आणि मॅन्युअलप्रमाणे हवा काढावी. तरीही काही वेळाने तक्रार परत आली तर फिल्टर पुन्हा उघडावा. जुनी रबरी रिंग घरालाच चिकटून राहते आणि नवी तिच्यावर चढते, हा प्रकार नेहमीचा आहे. दोन रिंगांमधून डिझेल बाहेर गळेलच असे नाही, पण पंप ओढत असताना हवा आत येते. कॉमन रेल इंजिनाच्या (ज्यात सर्व इंजेक्टरना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळते) जाड पोलादी नळ्या मात्र इंजिन चालू असताना कधीही सैल करू नयेत. त्यांतील दाब १,६०० बारच्याही वर जातो आणि बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. अशी जखम टाचणी टोचल्याएवढी दिसली तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

प्रश्न : इंजिन पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतले, तेव्हापासून गाडी मिसिंग करते. आपोआप बरे होईल का?

उत्तर : प्लगच्या खोल खळग्यांत पाणी साचले असेल तर ते झाकणाखाली अनेक दिवस तसेच राहते. इंजिन थंड असताना कॉइल एकेक करून वर घ्यावी, खळग्यातील पाणी फडक्याने टिपावे, कॉइलची रबरी नळी आतूनबाहेरून वाळवावी आणि कनेक्टरच्या पिनांवर हिरवट डाग आहेत का ते पाहावे. प्लग पाणी टिपल्यानंतरच काढावा, नाहीतर तेच पाणी सिलिंडरमध्ये उतरते.