बळजबरीने लावलेले लग्न आपोआप रद्द होते का?

मामेबहिणीचे लग्न तिच्या इच्छेविरुद्ध लावून देण्यात आले, पंधरा दिवसांतच ती सासर सोडून बडोद्याला आपल्या घरी आली आणि त्याला आता चार महिने झाले. तेव्हा संमतीच नव्हती म्हणून हे लग्न मुळात झालेच नाही असे धरावे का, असा आपला प्रश्न आहे. तसे धरता येणार नाही. मी बडोद्यात बरीच वर्षे कौटुंबिक खटल्यांची वकिली केली आहे, आणि असे धरून स्वस्थ बसल्यानेच अशी प्रकरणे हातची गेलेली पाहिली आहेत.

दोन्ही बाजू हिंदू आहेत असे समजून लिहितो. हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 5 मध्ये विवाहाच्या अटी आहेत, परंतु वधूवरांचा स्वेच्छेचा होकार अशी सरळ अट तेथे नाही. संमतीचा उल्लेख आहे तो मनोविकारामुळे संमती देण्यास असमर्थ असलेल्या व्यक्तीपुरता. (याच कायद्यात 1978 पर्यंत अल्पवयीन वधूसाठी पालकाची संमती मात्र आवर्जून मागितलेली होती!) बळजबरीने किंवा कपटाने मिळवलेल्या संमतीचा विचार कलम 12 मध्ये येतो आणि त्यानुसार असा विवाह शून्य नसून रद्द करता येण्याजोगा असतो, म्हणजे न्यायालयाचा हुकूम होईपर्यंत तो कायद्याने उभाच राहतो. हुकूम मिळण्याआधी आपल्या बहिणीने दुसरे लग्न केले, तर द्विविवाहाचा आरोप तिच्यावरच येऊ शकेल.

खरी अडचण मुदतीची आहे. बळजबरी संपल्यापासून, किंवा कपट उघडकीस आल्यापासून, एका वर्षाच्या आत अर्ज दाखल व्हावा लागतो. शिवाय त्यानंतर ती स्वखुशीने नवऱ्याबरोबर नांदली असेल, तर हा मार्ग बंद होतो. आपल्याकडची वडीलधारी माणसे मात्र नेमका उलटा सल्ला देतात, की वर्षभर थांबा, मग घटस्फोट घ्या. घटस्फोटाच्या अर्जाला लग्नापासून एक वर्षाची अट साधारणपणे असते हे खरे, पण ती लग्न रद्द करून घेण्याच्या अर्जाला लागू नाही. माझ्याकडे एक मुलगी हाच सल्ला मानून चौदाव्या महिन्यात आली होती. बळजबरीचा पुरावा चांगला असूनही तिच्यासाठी घटस्फोटाखेरीज काही उरले नव्हते.

बळजबरी म्हणजे काय, याची व्याख्या या कायद्यात नाही. आईने अन्नपाणी सोडले, मामांनी चारचौघांत अबोला धरला, एवढ्यावर न्यायालय बहुधा समाधान मानत नाही, कारण आग्रह आणि बळजबरी यांत ते फरक करते, आणि सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराची असते. मारहाण, कोंडून ठेवणे, फोन काढून घेणे, जिवाची धमकी असे काही घडले असेल, तर त्या काळातले निरोप, वैद्यकीय कागद आणि जवळच्या माणसांची साक्ष आताच गोळा करावी. सासरी काढलेल्या त्या पंधरा दिवसांवर उलटतपासणीत सर्वाधिक प्रश्न येतील, हेही तिला आधीच सांगून ठेवावे.

विवाह नोंदणीच्या दाखल्यावर तिची सही आहे म्हणून सारे संपले, असेही नाही. विधी झालेच नसतील तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये म्हटले आहे. आपल्या प्रकरणात सप्तपदी झालेली दिसते, म्हणून तो मुद्दा उपयोगी नाही, पण सही कोणत्या परिस्थितीत घेतली गेली हे तिला न्यायालयापुढे मांडता येते.

लग्न दुसऱ्या शहरात लागले असले तरी अर्जदार पत्नीला ती सध्या राहते तेथील न्यायालयात जाता येते, त्यामुळे बडोद्याच्या कुटुंब न्यायालयातच अर्ज करता येईल. आठ महिने हातात आहेत असे न मानता या महिन्यातच वकील गाठावा, कारण वर्ष नेमके कोणत्या दिवसापासून मोजायचे यावरच समोरचा पक्ष पहिला वाद घालेल.