बसच्या मार्गावर घरं बांधा म्हणणाऱ्या पंचविशीतल्या उमेदवाराला मत द्यावं का?

तुम्ही लिहिलंय, तुमच्या प्रभागातला पोरगा म्हणतोय की केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या बसच्या, मोठ्या मार्गांलगत उंच इमारती होऊ द्या, दर दहा मिनिटांना बस सोडा, म्हणजे तरुणांना घरासाठी हद्दीबाहेर पाचगाव-कळंब्याला जावं लागणार नाही. द्या की मत. प्रभागात चार जागा, चार मतं, त्यातलं एकच तर आहे.

आता माझं ऐका. २०१२ ला मंगळवार पेठेतलं आमचं जुनं घर विकलं. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, त्याच्या वाटणीतून पाचगावात दीड गुंठा घेऊन बांधलं. मी हट्टाला पेटलो, हद्दीबाहेर जाणार नाही म्हणालो, आणि शाहूपुरीत कुंभार गल्लीच्या बाजूला तळमजल्याचा फ्लॅट घेतला. दादा म्हणाला, "नदी दारात येईल." बिल्डर म्हणाला, २००५ ला पाणी कोपऱ्यावरनंच परत गेलं. मी बिल्डरचं ऐकलं.

२०१९ च्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. बायको-पोरं घेऊन गेलो कुठं, तर दादाकडंच. पाणी उतरल्यावर दार ढकललं तर उघडेना. फ्रीज तरंगत हॉलमध्ये येऊन दाराला आडवा पडलेला. स्विचबोर्डाच्या वर गाळाची रेघ. गव्हाच्या डब्याचं झाकण काढलं आणि तसंच परत लावलं. वहिनी एक शब्द बोलली नाही. दादा मात्र अजून प्रत्येक लग्नात म्हणतो, "नदीकाठचे पाहुणे आले, पानं वाढा."

बरं, दादाचा हिशोब बघा. घर स्वस्त पडलं, मान्य. पण दुकान लक्ष्मीपुरीत, पोरगी कॉलेजला, पोरगा क्लासला, म्हणून दारात तीन टू-व्हीलर. महापालिका १९७२ ला झाली, हद्द अजून तीच, ६६.८२ चौरस किलोमीटर. आजूबाजूची गावं शहरात घ्यायच्या हद्दवाढीऐवजी २०१७ ला ४२ गावांच्या विकासासाठी वेगळं प्राधिकरण आलं. त्या नकाशात दादा, महापालिकेच्या नकाशात मी, आणि हद्दवाढीचा विषय तापला की गावं नको म्हणणार, मग शहरातलेच ओरडणार, गावांची केएमटी बंद करा! तीन गाड्यांचे हप्ते आणि पेट्रोल घराच्या किमतीत धर, असं मी म्हटलं की दादा चहा मागवतो.

तो पोरगा हेच सांगतोय, आणि म्हातारी खोडं त्याला हसतात. हसू देत.

पण त्याला पूररेषेबद्दल विचारा. नदीकडची निळी रेषा नेहमीच्या पुराची, तिच्या पलीकडची लाल रेषा क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला बंदीच आहे. खरा खेळ निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या पट्ट्यात, जिथं जोतं उंच केलं की परवानगी मिळते. तिथं टॉवर चालतील का, ते त्याच्या तोंडून ऐका. दुसरं, निवडून आल्यावर सगळे खर्च मंजूर करणाऱ्या स्थायी समितीसाठी जीव टाकतात. हा केएमटी बघणाऱ्या परिवहन समितीत बसायला तयार आहे का?

राहिलंच, एफएसआय, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं, ते नगरसेवक ठरवत नाही, ते २०२० च्या राज्याच्या नियमावलीतून येतं. तेवढं उंच इमारतींचं आश्वासन कापून घ्या. आणि असा एक पोरगा आमच्या तालमीतलाही उभा आहे, त्यामुळं माझं मत जरा तिकडं झुकलेलं असणार.

तुम्ही विचारलं नाहीत, पण पाचगावात प्लॉट बघत असाल तर आधी आठवडाभर गाडी न काढता लक्ष्मीपुरीला ये-जा करून बघा. दादा, वाचत असशील तर तूपण.