खोडरबर खाली ठेवा

प्रश्न : ताई, ए.टी.डी. (कलाशिक्षक पदविका) करून मी नाशिकच्या एका शाळेत नऊ वर्षं चित्रकला शिकवली. आता लंडनमध्ये आर्ट थेरपीचं, म्हणजे चित्रकलेतून मनावर उपचार करण्याचं, एम.ए. करते आहे. आठवड्यातले दोन दिवस एका प्राथमिक शाळेत प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष कामाचा सराव, असते. फ्रॉइड, क्लाइन, विनिकॉट, बोल्बी या मनोविश्लेषकांना वाचून डोकं भणभणतं. पण सोमवारी सात वर्षांचा मुलगा समोर बसून कागदावर नुसता गोंद ओतत राहतो, तेव्हा यातलं काहीच आठवत नाही. मुलांसोबत काम करायला एवढी थिअरी खरंच लागते का?
– एक वाचक, लंडन

उत्तर : गोंद सांडत असताना क्लाइनबाई आठवल्या नाहीत, ते बरंच झालं. मला आठवल्या होत्या, आणि ते मला तीन आठवडे भोवलं.

माझंही शिक्षण ब्रिटनमध्येच झालं. प्लेसमेंटला आठ वर्षांचा एक मुलगा यायचा (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत). आधी नीट घर काढायचा, खिडक्यांच्या गजांसकट. मग जाड ब्रशाने त्यावर काळा पोस्टर कलर फासायचा, कागद भिजून फाटेपर्यंत. आदल्याच रात्री मी मेलनी क्लाइन वाचली होती : मुलाचा खेळ हेच त्याचं बोलणं, त्याचा अर्थ मुलाला सांगायला कचरू नये. मी विचारलं, "घराचा राग आलाय का?" त्याने ब्रश पाण्यात ठेवला, कागद पालथा घातला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला. पुढचे तीन आठवडे रंगाला शिवला नाही. सुपरव्हिजनमध्ये, म्हणजे अनुभवी थेरपिस्टशी आपल्या कामाबद्दल बोलायच्या बैठकीत, मॅडमनी एवढंच विचारलं, "कागद फाटताना आवाज कसा आला?" मला सांगता येईना. अर्थ शोधण्याच्या नादात मी कागदाकडे बघितलंच नव्हतं.

पुढे कळलं की अ‍ॅना फ्रॉइडचं (फ्रॉइडची मुलगी, तीही मुलांची मनोविश्लेषक) क्लाइनशी याच्यावरूनच बिनसलं होतं. तिचं म्हणणं, आधी मुलाशी नातं जुळू दे. परीक्षेत हा वाद मी दोन पानं लिहिला. खरा कळला तो त्या पालथ्या कागदामुळे.

तेव्हा थिअरी लागते, पण मुलाला समजावून सांगायला नाही. आपला हात आणि तोंड आवरायला लागते. आणि तुम्ही चित्रकलेच्या बाई, म्हणजे तुमचा हात जास्तच शिवशिवणार. नऊ वर्षं मुलांच्या वहीत हत्तीची सोंड दुरुस्त केली असेल! म्हणून वाचनाची सुरुवात ईडिथ क्रेमरपासून करा. ही मूळची व्हिएन्नाची चित्रकार. तिच्या गुरू फ्रीडल डिकर-ब्रान्डाइस यांनी तेरेझिनच्या नाझी छळछावणीत मुलांना चित्रकला शिकवली. १९४४मध्ये आउशवित्झला त्यांची हत्या झाली. मागे दोन सुटकेसमध्ये मुलांची सुमारे ४,५०० चित्रं राहिली. क्रेमर १९३८मध्ये न्यूयॉर्कला गेली आणि पुढे तिथे मुलांसोबत काम करताना तिने 'तिसरा हात' ही कल्पना मांडली. मातीच्या हत्तीचे पाय वजनाने बसत असतील, तर पोटाखाली काय टेकू द्यायचा हे आपल्याला माहीत असतं. तो द्यावा, पण हत्ती मुलाचाच राहू द्यावा. शाडूचं काम केलेल्या माणसाला हे निम्मं आधीच येत असतं. उरलेलं निम्मं म्हणजे सोंडेला हात न लावणं. ते मला अजूनही जड जातं.

विनिकॉट मात्र वाचण्याआधी खेळून बघा. हा माणूस मूळचा बालरोगतज्ज्ञ, पॅडिंग्टन ग्रीनच्या मुलांच्या हॉस्पिटलात जवळजवळ ४० वर्षं होता. त्याचा 'स्क्विगल' नावाचा खेळ असा : एक वेडीवाकडी रेघ तो मारणार, तिचं मुलाने काहीतरी करायचं. मग रेघ मुलाची. माझ्या पाळीला मी सुबक मोर काढायचे आणि मुलं गप्प व्हायची. आता मी मुद्दाम डाव्या हाताने काढते.

आता तुमचा गोंदवाला. तो गेल्यावर दहा मिनिटं फक्त लिहा : बाटली कोणत्या हाताने दाबली, कुठे थांबला, तुमच्याकडे कधी पाहिलं. आणि तुमच्या पोटात काय झालं, तेही. "गोंद वाया चाललाय" असं वाटलं ना? नाशिकला साठ मुलांच्या वर्गात बाटली पुरवून पुरवून वापरली असणार. ती चिडचिड सुपरव्हिजनला घेऊन जा. तुमची किती आणि त्याने तुमच्या पदरात टाकलेली किती, हे तिथे वेगळं करता येतं. काउंटरट्रान्सफरन्सचं, म्हणजे समोरच्यामुळे थेरपिस्टच्या मनात उठणाऱ्या भावनांचं, प्रकरण त्यानंतर वाचा, एका बैठकीत संपेल.

मनोविश्लेषक बियॉनची 'कंटेनर'ची कल्पना, म्हणजे मुलाला न पेलणारी भावना मोठ्या माणसाने झेलून धरणं, तर अगदी घरगुती करता येते. कागदाखाली उभ्या काठाचा ट्रे ठेवा. गोंद सांडला तरी खोलीभर पसरत नाही, हे मुलाला डोळ्यांनी दिसू दे. आणि हाफ टर्मच्या, म्हणजे सत्राच्या मधल्या, सुट्टीची तारीख त्याला दोन आठवडे आधी कॅलेंडरवर दाखवा. जवळच्या माणसाशी जडलेलं नातं आणि ताटातूट यांवर लिहिणारा बोल्बी तिथे कामी येतो.

माझा तो मुलगा चौथ्या आठवड्यात आला आणि त्याने जुनं, फाटकं घर मागितलं. नशिबाने मी ते फोल्डरमध्ये जपून ठेवलं होतं. त्याने मागच्या बाजूने सेलोटेप लावली. भरपूर. अख्खी गुंडाळी संपवली, आणि मला तेव्हाही वाटलंच, टेप वाया चालली.