तांब्या हवेत का तरंगतो? चित्रकलेच्या शिकवणीची प्रश्नोत्तरे

प्रश्न: मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमातून नववीत शिकते. कोल्हापूरची नणंद म्हणते, चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा झाली की दहावीला गुण वाढतात. शिकवणी लावू का?

नणंदेचं म्हणणं खरं आहे, पण ते तिकडच्या मुलांपुरतं. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षा महाराष्ट्राचं कला संचालनालय घेतं आणि वाढीव गुण मिळतात ते महाराष्ट्र मंडळाच्या दहावीला. आपल्याकडची पोरं मराठीतून शिकली तरी देतात एसएसएलसीच, म्हणजे कर्नाटकाची दहावी, तिथं तो हिशेब चालत नाही. कर्नाटकाच्या परीक्षा मंडळाच्या ड्रॉइंगच्या परीक्षा वेगळ्या, लोअर आणि हायर ग्रेड. शाळेतून कोणता अर्ज भरतात ते ड्रॉइंगच्या सरांना विचारा आणि मगच शिकवणीचं बघा. निव्वळ गुणांसाठी असेल तर पैसे वाचवा. पोरगी गणिताच्या वहीची मागची पानं चित्रांनी भरत असेल, तर मात्र जरूर लावा.

प्रश्न: मी निपाणीत आठवी ते दहावीच्या मुलांना शिकवते. वस्तुचित्रात त्यांचा तांब्या, कळशी कायम हवेत तरंगते. शेडिंग मात्र चांगलं असतं.

ताई, शेडिंगचा यात दोष नाही. त्या चित्रांचा तळ बघा. मुलं तांब्याचं तोंड छान लंबगोल काढतात आणि खाली पट्टी ठेवल्यासारखी सरळ रेघ ओढून मोकळी होतात. तांब्या टेबलावर सपाट बसलाय हे त्यांना ठाऊक असतं, म्हणून ठाऊक असलेलं कागदावर उतरतं आणि दिसलेलं राहून जातं.

प्रत्येकाच्या हातात स्टीलचा पेला द्या. एक डोळा मिटून पेला डोळ्यासमोर धरायचा, काठाची नुसती आडवी रेघ दिसते. मग तो उभाच ठेवून सावकाश खाली न्यायचा. काठ उघडत जातो, लंबवर्तुळ फुगत जातं. म्हणजे नजरेच्या जितकं खाली, तितकी गोलाई जास्त. तेव्हा टेबलावरच्या तांब्याचा तळ सरळ तर नसतोच, उलट तोंडापेक्षाही अधिक गोल असतो. पटत नसेल त्याच्यापुढं काचेच्या ग्लासात अर्धं पाणी भरून ठेवा. काठ, पाणी आणि तळ अशी तीन लंबवर्तुळं एकाखाली एक, चढत्या गोलाईची दिसतात. त्यांची दोन्ही टोकं मात्र गोलच हवीत. मुलं तिथं बदामासारखं टोक काढतात.

तळ सुधारला की सावलीकडं वळा. भांडं जिथं टेबलाला टेकतं तिथली बारीक फट सगळ्यात काळी असते, आणि नेमकी तीच मुलं गाळतात. ती भरली की भांडं खाली बसतं. आणखी एक, पहिल्याच महिन्यात चकचकीत पितळ मांडू नका, त्यातल्या प्रतिबिंबांनी पोरं गांगरतात. मातीचं मडकं घ्या, एका खिडकीचा उजेड ठेवा, वरची ट्यूबलाइट बंद. आणि कितीही हात शिवशिवला तरी तुमची पेन्सिल मुलाच्या कागदावर चालवू नका, शेजारी वेगळा कागद घेऊन दाखवा. सरांनी ‘दुरुस्त’ केलेली चित्रं पालकांना आवडतात, हे मला माहीत आहे. तरीही नको.

प्रश्न: मी येळ्ळूरचा, दहावीत आहे. मोबाइलवर फोटो बघून हुबेहूब चेहरा काढतो, पण स्मरणचित्रातली, म्हणजे आठवणीतून काढलेली माणसं लाकडी होतात. काय करू?

फोटोत माणूस आधीच थांबलेला आणि सपाट झालेला असतो, तू फक्त उतरवतोस. आठवड्यातून एकदा छोटी वही घेऊन बेळगावच्या गणपत गल्लीत किंवा खडेबाजारात एका कडेला उभा राहा. नाकडोळे अजिबात काढू नकोस. पोतं उचललेल्या माणसाचा भार कुठल्या पायावर आहे, पाठ किती वाकलीय, एवढंच दोन मिनिटांत पकड. संध्याकाळी वही न उघडता तेच पुन्हा काढ. स्मरणचित्राचा खरा सराव हाच.

प्रमाणही तपास. मोठा माणूस साधारण सात ते साडेसात डोक्यांएवढा उंच असतो, सहा-सात वर्षांचं पोर पाच-सहा डोक्यांचं. तू बहुतेक मोठाच माणूस आखडून लहान पोर म्हणून काढत असशील. गर्दीसाठी एक युक्ती: सपाट रस्त्यावर तू उभा असशील तर तुझ्याच उंचीच्या जवळच्या-लांबच्या सगळ्यांचे डोळे जवळजवळ एकाच रेषेत येतात, वरखाली होतात ते पाय. शिवजयंतीची मिरवणूक असा विषय आला की सगळे शंभर डोकी आणि अख्खा चित्ररथ कोंबतात. तू पुढं तीन माणसं मोठी घे, त्यातला एक पाठमोरा. बाकी गर्दी डागांनी दाखव.

प्रश्न: मुलाला चित्रकलेतच पुढं जायचंय. बेळगावात राहून यात काही होतं का?

न व्हायला काय झालं? चित्रकार के. बी. कुलकर्णी याच गावात शिकवायचे. 1935 साली बेळगावात जन्मलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी, ते पुढं देशातले नावाजलेले बोधचित्रकार (इलस्ट्रेटर) झाले. आता रीतसर वाट म्हणजे पीयूसी, म्हणजे अकरावी-बारावी, कुठल्याही शाखेतून करून बीव्हीएला, म्हणजे दृश्यकलेच्या पदवीला जाणं. त्यासाठी निवडक पूर्ण चित्रांसोबत त्याच्या कच्च्या स्केचच्या वह्याही जपून ठेवा, रद्दीत घालू नका.

प्रश्न: मुलगी डावखुरी आहे. शिकवणीचे सर उजव्या हातानं काढायला लावतात.

लावू देऊ नका. तिला उजेड उजवीकडून येईल असं बसवा, म्हणजे हाताची सावली कागदावर पडणार नाही. शेडिंग उजवीकडून डावीकडं करायला सांगा आणि तळव्याखाली कोरा कागद ठेवा, फासणार नाही.