‘आधी डॉक्टर होऊ दे, मग काय ते संशोधन’

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. गणित कच्चं म्हणून बायोलॉजी दिलं होतं. नीटमध्ये एकदा मार्क कमी पडले, ड्रॉप घेतला, यंदाही थोडक्यात हुकलं. आम्ही दोघांनी दुसरा ड्रॉप ठरवला आहे. पण ती हल्ली अभ्यास सोडून सूक्ष्मदर्शकातून टिपलेले पेशींचे व्हिडिओ बघत बसते. म्हणते, रोगप्रतिकारक पेशी ट्यूमरमध्ये शिरतात कशा, ते शोधायचंय. आधी एमबीबीएस होऊ दे, मग काय ते संशोधन कर, असं सांगून थकलो. तिचं डोकं ठिकाणावर कसं आणावं?

उत्तर : मार्कांनी मला काळजी वाटली नाही, तुमच्या शेवटच्या वाक्याने वाटली. मुलीला एक नेमका प्रश्न सापडलाय आणि पत्रात तुम्ही तो आजाराच्या लक्षणासारखा नोंदवलाय. ‘कॅन्सरवर औषध शोधायचंय’ असं पुष्कळ मुलं म्हणतात. ते भाषणात शोभतं. ‘पेशी आत शिरते कशी’ असं विचारायला आधी काहीतरी नीट पाहावं लागतं, आणि ती तेच करतेय. दुसरा ड्रॉप ‘आम्ही दोघांनी’ ठरवला, असं तुम्ही लिहिता. त्या दोघांत ती नाही.

तिचा प्रश्न पोरकट नाही. २०१८ सालचं वैद्यकशास्त्राचं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकू होन्जो यांना मिळालं, ते टी-पेशींवरचे (या रोगप्रतिकारक पेशींचाच एक प्रकार) ब्रेक सोडवण्याच्या कामासाठी. पण ब्रेक सोडून फायदा व्हायला पेशी गाठीत पोचलेली तर हवी! अनेक ट्यूमरमध्ये त्या कडेच्या तंतुमय भागातच अडकून पडतात. काहींच्या जवळपासही फिरकत नाहीत. रुग्णाच्याच टी-पेशी बदलून परत सोडणाऱ्या सीएआर-टी उपचारांना रक्ताच्या काही कॅन्सरसाठी २०१७पासून मान्यता मिळत गेली. घट्ट गाठींमध्ये मात्र ते अडखळतात, आणि आत न शिरता येणं हे त्यामागचं एक मोठं कारण आहे.

वाटेत अडथळे किती आहेत बघा. रक्तातली टी-पेशी आधी सिलेक्टिन या चिकट प्रथिनांच्या सैल पकडीने रक्तवाहिनीच्या भिंतीवर घरंगळते. भिंतीवर सीएक्ससीएल९, सीएक्ससीएल१० यांसारख्या केमोकाइनचा (पेशींना बोलावणाऱ्या रसायनांचा) संकेत मिळाला की तिच्यावरचे इंटिग्रिन हे आकडे आपला आकार बदलतात, भिंतीवरच्या आयकॅम-१, व्हीकॅम-१ या खुंट्यांना घट्ट धरतात आणि ती थांबते. मग ती भिंतीतल्या फटीतून बाहेर पडते. ट्यूमर इथेच खोडा घालतो : नव्या रक्तवाहिन्या वाढवण्यासाठी त्याने सोडलेल्या व्हीईजीएफ या प्रथिनामुळे भिंतीवर धरायला आयकॅमच कमी उरतात. एवढं करून बाहेर पडलीच, तरी पुढे कोलॅजेन या तंतुमय प्रथिनाचं दाट जाळं असतं.

आता ‘गणित कच्चं म्हणून बायोलॉजी’. हा गैरसमज तुमच्या मुलीला सगळ्यात महाग पडेल. टी-पेशी साधारण ७ ते १० मायक्रॉनची (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). तिचा बाकीचा भाग हवा तसा चेपतो, केंद्रक तितकं चेपत नाही. जाळ्यातल्या छिद्राचं क्षेत्रफळ सुमारे ४ चौरस मायक्रॉनच्या खाली गेलं की केंद्रक अडकतं आणि पेशी थांबते. हे बल आणि भूमिती आहे. ती बघते त्या व्हिडिओंतून काही निष्कर्ष काढायचा, तर दर फ्रेमला प्रत्येक पेशीचं स्थान मोजावं लागतं. विस्थापनाच्या, म्हणजे सुरुवातीच्या जागेपासूनच्या अंतराच्या, वर्गाची सरासरी वेळेच्या प्रमाणात वाढली तर पेशी भरकटतेय. वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढली तर सरळ चाललीये. साधा ट्रान्सवेलचा प्रयोग घ्या : मधे छिद्रांचा पडदा, वर पेशी, खाली केमोकाइन. पेशी खाली उतरल्या म्हणून ‘ओढल्या गेल्या’ म्हणता येत नाही. केमोकाइनने त्यांची नुसती वळवळ वाढली असली, तरी त्या खाली सापडतील. म्हणून आणखी एका खाचेत वर आणि खाली सारखंच केमोकाइन घालायचं. तिथेही तेवढ्याच उतरल्या तर दिशा नव्हती, फक्त धावपळ होती. पडद्याची छिद्रं ५ मायक्रॉनऐवजी ८ची घेतली तर पेशी संकेताशिवायही गळू लागतात. पडद्याखाली बुडबुडा राहिला तर उतरतच नाहीत. हा विचार पाठांतराने येत नाही. बारावीचं कॅल्क्युलस आणि संभाव्यता तिला आता शिकावीच लागेल, आणि कारण हातात असल्यावर ती शिकेलही.

मार्ग ठाऊक आहेतच : आयसर या केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थांची परीक्षा, किंवा चांगल्या कॉलेजात बीएस्सी, मग एमएस्सी आणि पीएचडी. आयसरच्या परीक्षेत गणिताचे प्रश्न जीवशास्त्राइतकेच असतात आणि बारावी कुठल्या वर्षी झाली याची अट असते. दुसरा ड्रॉप घेण्याआधी यंदाचं माहितीपत्रक वाचा.

एमबीबीएस आणि संशोधन दोन्ही करणारे डॉक्टर आहेत, पण त्यांना रुग्ण तपासायचे असतात. तिला तसं वाटतं का, हे पत्रात कुठेच नाही. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं आणि वर पीजी, एवढा काळ दुसऱ्याच कामात घालवून हा प्रश्न ताजा राहील, ही तुमची कल्पना मला पटत नाही.

तिलाही एक सांगायचंय. व्हिडिओ सुंदर असतात, त्यामागचं काम चिकट. पेशींना चालायला ते जाळं आपणच बनवायचं तर आम्लातलं कोलॅजेन बर्फावर ठेवून उदासीन करायचं आणि मग ३७ अंशांवर घट्ट होऊ द्यायचं. आधीच कोमट झालं तर गोळे होतात. कमी तापमानात घट्ट झालं तर तंतू जाड आणि छिद्रं मोठी होतात. मग पेशी आरामात पार जातात आणि आपण भलताच निष्कर्ष काढून बसतो. कोलॅजेनची अशी फुकट गेलेली जेली पुन्हा पुन्हा करायची तयारी हवी.

त्यामुळे परीक्षा निवडण्याआधी तिने एक काम करावं. फिजी हे चित्रं मोजण्याचं मोफत सॉफ्टवेअर घ्यावं. त्यात पेशींचा माग आपोआप काढणारं ट्रॅकमेट असतं. एका खुल्या व्हिडिओतल्या वीस पेशींचा माग आधी हाताने काढावा, मग ट्रॅकमेटने, आणि दोन्ही ताडून पाहावेत. त्याआधी मेलेल्या पेशी किंवा स्थिर तंतू एकाच दिशेला सरकत नाहीत ना, हे तपासावं. सरकत असतील तर व्हिडिओची चौकटच हलतेय आणि सगळ्या पेशी उगाच ‘धावताना’ दिसतील. लिम्फ नोडमध्ये (लसिका ग्रंथीत) टी-पेशीचा वेग मिनिटाला १० मायक्रॉनच्या आसपास असतो. आपला आकडा त्याच्या दहापट आला तर गणितात चूक शोधावी.

पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि तुम्ही न वाचता पाठवू द्या. सोबत त्या वीस पेशींच्या मागांचा तक्ता असू दे. एका पिक्सेलमध्ये किती मायक्रॉन आणि दोन फ्रेममध्ये किती सेकंद, हे तिने वरच लिहावं. त्यावाचून मला एकही आकडा तपासता येणार नाही.