लांबच्या सायकल प्रवासात वाटेत बिघाड झाला तर काय करता?

किनाऱ्याच्या रस्त्याने गोव्यापर्यंत एकट्याने जायचंय, दुरुस्तीतलं फारसं येत नाही आणि सायकल गिअरची आहे, असं तुम्ही लिहिलंय. मी हा रस्ता दोनदा केलाय, तर सगळ्यात आधी हे सांगतो: तुमच्या फ्रेमचा एक जास्तीचा हँगर सोबत ठेवा.

गिअर बदलला की चेन मागच्या चाकाच्या एका दातेरी चक्रीवरून दुसरीवर सरकवतो तो मागचा डिरेलर. तो ज्या बोटभर पट्टीवर बसतो, तो हँगर. सायकल पडली तर फ्रेमला इजा होऊ नये म्हणून तो मुद्दाम मऊ केलेला असतो. फ्रेम बदलली की त्याचा आकारही बदलतो, त्यामुळे वाटेतल्या सायकल मार्टमध्ये तो मिळेलच असं धरून चालू नका. ट्यूब, ब्रेकची वायर, ब्रेक शू यांची सोय बहुतेक तालुक्याच्या गावी होते.

माझा हँगर हेदवीच्या पुढे मोडला. आदल्या दिवशी दाभोळ-धोपावे फेरीबोटीत सायकल उजव्या अंगावर पडली होती. मी नुसती धूळ झटकून निघालो. हँगर आत वाकला होता. दुसऱ्या दिवशी चढावर चेन सगळ्यात मोठ्या चक्रीवर टाकली आणि डिरेलर स्पोकमध्ये गेला. चेन टूल, म्हणजे चेनची कडी सोडवायचं हत्यार, होतं म्हणून निभावलं. डिरेलर सोडवून पिशवीत टाकला, चेन तोडून आखूड केली आणि मागच्या एकाच मधल्या चक्रीवर बसवली. चढ आला की उतरून ढकलायचं, बाकी चालवायचं, असं करत तवसाळ गाठलं, फेरीने जयगडला उतरलो आणि अंधार पडता पडता गणपतीपुळ्याला पोचलो. तेव्हापासून सायकल पडली की आधी मागे उभं राहून डिरेलर चक्र्यांच्या रेषेत सरळ लोंबतोय ना, ते पाहतो.

आता पंक्चर. रस्त्यात पॅच लावत बसू नका, ट्यूब बदला. पॅच मुक्कामी लावा, कारण सोल्युशन नीट सुकलं नाही तर तो धरत नाही, आणि कोकणातल्या दमट हवेत घाई केली की हमखास निघतो. पण नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. काटा किंवा काच तिथेच राहिली तर दुसरी ट्यूबही दहा मिनिटांत जाते. ट्यूबला एकमेकांच्या शेजारी दोन भोकं दिसली तर काटा शोधू नका. हवा कमी होती आणि खड्ड्यात रिमने ट्यूब चिमटली, एवढाच त्याचा अर्थ. टायरच फाटला असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा लावा. तो नसेल तर घडी घातलेली नोटही पुढच्या गावापर्यंत चालते.

मागच्या गिअरची वायर तुटली तर चेन सगळ्यात लहान चक्रीवर जाऊन बसते. तो गिअर चढाला फार जड. डिरेलरचा ‘एच’ लिहिलेला स्क्रू आत पिळला की चेन एखादी चक्री वर येते, तेवढाही फरक पायांना कळतो. स्पोक तुटला तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळा आणि सामान हलकं करा.

तुमच्या ट्यूबचा वॉल्व्ह बारीक असेल तर पितळी ॲडॉप्टर घ्या, नाहीतर पंक्चरवाल्याचा पंप बसणार नाही. निघण्याआधी घरी मागचं चाक चार-पाच वेळा काढून बसवून बघा, हात काळे होऊ द्या. सायकलचं मॉडेल कळवलंत तर हँगर कोणता लागेल ते शोधायला मदत करतो.