कुत्रा काढला, बकरी झाली
वाचकांचे प्रश्न : पिक्सेल आर्ट (एकेक चौकोनी ठिपका म्हणजे पिक्सेल भरून काढलेली चित्रं)

प्रश्न : मी ३२ × ३२ पिक्सेलच्या कॅनव्हासवर प्राणी काढतो. कुत्रा दाखवला की लोक ‘बकरी आहे का?’ विचारतात. पायही ताठ दिसतात. कॅनव्हास मोठा घेऊ का?

नको. ६४ × ६४ घेतलात तर १,०२४ ऐवजी ४,०९६ पिक्सेल भरत बसाल आणि चूक तीच राहील, फक्त मोठी दिसेल. आधी चित्राची एक प्रत करा आणि सगळा प्राणी एकाच काळ्या रंगाने भरून टाका. डोळे, ठिपके, छटा गेल्यावरही कुत्रा ओळखू येतो का? येत नसेल तर रंगांना हात लावू नका, बाह्याकृतीच दुरुस्त करा.

बकरीचं कपाळ आणि नाक साधारण एकाच उतारावर असतं. बहुतेक कुत्र्यांमध्ये मात्र डोळ्यांपुढे एक खाच पडते आणि तिथून तोंड पुढे निघतं. तुमच्या कॅनव्हासवर ही खाच म्हणजे जेमतेम एक पिक्सेल. तो खोडून बघा, अर्धी बकरी तिथेच नाहीशी होईल. बाकीचं काम कान, शेपूट आणि मान धडातून कोणत्या कोनात निघते यावर. (असा घोळ नामवंतांचाही झालाय. ॲपलच्या चित्रकार सुझन केअर यांनी मॅकिंटॉश संगणकाच्या कैरो या चित्रांच्या फॉन्टसाठी काढलेला कुत्रा लोकांना गायीसारखा वाटला आणि त्याचं नाव ‘डॉगकाऊ’ पडलं.)

आता पाय. कुत्र्याच्या मागच्या पायाचा जो सांधा मागे वळलेला दिसतो, तो गुडघा नव्हे, टाच आहे. कुत्रा आणि मांजर बोटांवर चालतात, घोडा तर एकाच बोटाच्या टोकावर. खरा गुडघा वर, पोटाच्या रेषेजवळ असतो आणि तो पुढेच वाकतो. हे ठाऊक नसलं की पाय सरळ खाली ओढला जातो. मागचा पाय १२ पिक्सेल उंच धरा. वरच्या ४ ओळी मांडीच्या, ५ पिक्सेल रुंद, किंचित पुढे झुकलेल्या. पुढच्या ४ ओळींत पाय बारीक होत २ पिक्सेलवर येतो आणि मागे सरकतो. शेवटच्या ४ ओळी जवळजवळ उभ्या, तळाशी पंजासाठी एक पिक्सेल पुढे. पुढचा पाय त्यामानाने सरळ असतो, फक्त कोपर छातीच्या खालच्या कडेजवळ ठेवा. पलीकडचे दोन पाय एक पिक्सेल वर घेऊन एक छटा गडद करा, नाहीतर चारही पाय एका रांगेत उभे राहतात.

हे सगळं स्क्रीनवर शिकू नका. कागदावर, फोटो समोर ठेवून, प्रत्येकी दोन मिनिटांत छोटी रेखाटनं करा: छातीचा पिंजरा, कंबर आणि डोकं असे तीन लंबगोल, मग पायांच्या रेषा. पिंजरा सर्वांत मोठा. नवखे सहसा डोकं मोठं आणि छाती लहान काढतात. फोटोच लहान करून वापरायचा मोह होईल, पण त्यात कडांचे रंग मिसळून चिखल होतो.

प्रश्न : शेडिंग केलं की प्राणी फुगलेला दिसतो.

कडेने सगळीकडे गडद आणि मध्ये उजळ, असं करताय ना? याला पिलो शेडिंगच म्हणतात. तिथे सावली बाह्यरेषेच्या मागे धावते, प्रकाशाच्या नाही. प्रकाश वरून डावीकडून ठरवा आणि धड आडवं नळकांडं समजा: पाठ उजळ, कूस मधल्या छटेची, पोट आणि पायांची आतली बाजू गडद. तीन छटा पुरतात. गडद छटेसाठी नुसता काळा मिसळू नका. तपकिरी कुत्र्याची सावली थोडी लालसर-जांभळट आणि उजेड पिवळसर केला की रंग मरत नाही. केस एकेक काढायचे नसतात. मान, मांडी आणि शेपटीपाशी, जिथे उजेड-सावली मिळतात, तिथे २-३ पिक्सेलचे तीन-चार झुपके बस्स.

प्रश्न : पाठीची रेषा दातेरी येते.

प्रत्येक पायरीत किती पिक्सेल आहेत ते मोजा. ५, ३, २, १, १ असा क्रम वळणदार दिसतो. ४, १, ३, १ असा असेल तर रेषा अडखळते. कडांवर मधल्या छटेचे पिक्सेल टाकून हे लपवू नका. तो शेवटचा हात आहे आणि क्रम बिघडलेला असेल तर त्याने कड नुसती धुरकट होते.

प्रश्न : तयार चित्र शेअर केलं की धूसर दिसतं.

पूर्ण पटीतच मोठं करा (४ पट म्हणजे १२८ × १२८), दीडपट-अडीचपट नको. मोठं करताना ‘नीअरेस्ट नेबर’ (रंग न मिसळता पिक्सेल तसाच मोठा करणारा) पर्याय निवडा आणि पीएनजीत सेव्ह करा. जेपीईजी कडांभोवती डाग पाडतो.